फरशीखाली अडकलेली हवा : पोकळ आवाज कसा टाळावा?

घराचे काम संपते, फरशी पुसून लखलखीत केली जाते आणि घरमालक हातात नाणे घेऊन एकेक फरशी ठोकत फिरू लागतो. दहा फरश्या टणटणीत वाजतात, अकरावी बद्द वाजते. तिथून वाद सुरू होतो. मालक म्हणतो, माल कमी घातला. कारागीर म्हणतो, केमिकल हलके निघाले. दुकानदार म्हणतो, आमचा काही दोष नाही, बसवणाऱ्याला विचारा. या वादात शेवटी अडकून पडते ती कारागिराची राखून ठेवलेली रक्कम आणि त्याचे नाव.

कारागीर बंधूंनो, हा बद्द आवाज म्हणजे बहुतेक वेळा फरशीखाली अडकलेली हवा असते. ही हवा नंतर कुठून शिरत नाही. फरशी ठेवताना, त्या अर्ध्या मिनिटात, आपल्याच हाताखाली ती कोंडली जाते. म्हणून तिचा बंदोबस्तही त्याच वेळी करता येतो. माल वाळल्यावर ठोकून दोष कळतो, पण तोवर उशीर झालेला असतो. या लेखात हवा कशी कोंडते, तिला वाट कशी करून द्यावी आणि काम चालू असतानाच खात्री कशी करून घ्यावी, हे क्रमाने पाहू.

जुनी सवय आणि नवी फरशी

आपल्याकडे मोझॅक, शहाबादी आणि कोटा फरशी पिढ्यानपिढ्या वाळू-सिमेंटच्या जाड थरावर बसवली गेली. या फरशीची पाठ खरबरीत व पाणी पिणारी. सिमेंटचा घोळ ती शोषून घेई आणि धरून ठेवी. थर दीड-दोन इंचांचा असल्याने ठोकून फरशी खाली दाबता येई. भिंतीच्या टाइल रात्रभर पाण्यात भिजवून, पाठीवर सिमेंटचा गोळा घेऊन चिकटवल्या जात. त्या टाइल आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी पितात, म्हणून भिजवणे योग्यच होते.

आज ग्राहक मागतो ती व्हिट्रिफाइड फरशी. गुजरातेतील मोरबीहून येणारी ही फरशी इतकी घट्ट भाजलेली असते की, मानकानुसार तिचे जलशोषण अर्ध्या टक्क्याहून अधिक नसते. ती भिजवून काही उपयोग नाही, कारण ती पाणी पीतच नाही. उलट पाठीवर पाण्याचा थर राहिला तर माल नीट धरत नाही. शिवाय आकार वाढला. पूर्वी एक फुटाची फरशी होती. आता दोन बाय दोन ही साधी गोष्ट झाली असून दोन बाय चार फुटांच्या फरश्याही घरोघरी लागतात. फरशी जितकी मोठी, तितकी तिच्या मधोमध असलेल्या हवेला बाहेर पडण्याची वाट लांब.

अशा फरशीसाठी पातळ थराचा माल, म्हणजे टाइल ॲडहेसिव्ह वापरतात. साइटवर आपण त्यालाच ‘केमिकल’ म्हणतो. सिमेंट मालात लॅटेक्स मिसळून तो पातळ थरात वापरण्याची रीत अमेरिकेत १९५० च्या दशकात हेन्री रॉथबर्ग या रसायन अभियंत्याने विकसित केली. आता तो माल कोरड्या पुडीच्या रूपात पिशवीतून येतो. थर पातळ असल्यामुळे वाळू-सिमेंटसारखी ठोकाठोक करून चूक झाकता येत नाही. माल नवा आणि हात जुन्या सवयीचा, या दोहोंच्या मध्येच हवा अडकते.

पाच गोळ्यांचा हिशेब

सर्वांत घातक सवय म्हणजे फरशीच्या पाठीवर चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक, असे पाच गोळे ठेवून फरशी दाबणे. काम भराभर होते, लेव्हल पटकन मिळते. पण हिशेब करून पाहा. साठ बाय साठ सेंटिमीटरच्या फरशीचे क्षेत्रफळ ३,६०० चौरस सेंटिमीटर. एक गोळा दाबल्यावर १५ सेंटिमीटर व्यासाचा पसरला असे धरले, तर तो सुमारे १७७ चौरस सेंटिमीटर जागा व्यापतो. पाच गोळ्यांचे झाले ८८५. म्हणजे फरशीचा जेमतेम चौथा हिस्सा मालावर आणि तीन हिस्से हवेवर!

अमेरिकेच्या टाइल बसवण्याच्या मानकात घरातील कोरड्या जागी किमान ८० टक्के, आणि न्हाणीघर किंवा घराबाहेरील जागी किमान ९५ टक्के पाठ मालाला चिकटलेली असावी, असे सांगितले आहे. त्यातही कोपरे आणि कडा भरलेल्या हव्यात. राहिलेली २० टक्के जागासुद्धा एका ठिकाणी सलग मोकळी असून चालत नाही. गोळ्याच्या पद्धतीत नेमक्या कडाच मोकळ्या राहतात. पुढे कपाटाचा पाय किंवा गॅसचे सिलिंडर त्या जागी आले की फरशी तडकते. तोवर त्या छटेची फरशी दुकानात मिळत नाही. मग एका फरशीसाठी अख्ख्या हॉलचा बोभाटा होतो.

माल कालवताना

हवेचा पहिला शिरकाव घमेल्यात होतो. आधी मोजलेले पाणी बादलीत घ्यावे आणि नंतर त्यात पूड टाकावी. आधी पूड घालून वर पाणी ओतले की तळाशी कोरड्या गुठळ्या राहतात आणि त्या प्रत्येक गुठळीत हवा असते. पाणी किती, हे पिशवीवर छापलेले असते. लिटरचे माप बादलीवर खुणेने करून ठेवावे, अंदाज नको.

ड्रिलला पाते लावून माल ढवळत असाल तर वेग कमी ठेवावा. मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या आत काम भागते. वेगाने ढवळले किंवा पाते मालाच्या वर-खाली केले की ताक घुसळल्यासारखी हवा आत ओढली जाते आणि माल फेसाळतो. पाते पूर्ण बुडालेले असावे. गुठळ्या मोडल्यावर माल पाच ते दहा मिनिटे तसाच राहू द्यावा. त्या वेळात पुडीतील चिकट द्रव्य विरघळते आणि मोठे बुडबुडे वर येऊन फुटतात. मग पुन्हा थोडे ढवळून वापरावा. घट्ट होऊ लागलेल्या मालात दुसऱ्यांदा पाणी घालणे म्हणजे त्याची ताकद मारणे होय. एका वेळी तेवढाच माल कालवावा जेवढा वेळेत संपेल.

जमीन आणि पाठ

थर पातळ असल्याने खालच्या जमिनीतील खड्डा तो भरून काढू शकत नाही. कोब्यावर लांब ॲल्युमिनियमची पट्टी फिरवून पाहावी. मोठ्या फरशीसाठी तीन मीटर लांबीत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नसावा, असा नियम आहे. खड्डा दिसला तर तो आदल्या दिवशी भरून घ्यावा. फरशी बसवताना ‘तिथे थोडा जादा माल टाकू’ असे म्हणू नये. जादा माल आटतो आणि खाली पोकळी सोडतो.

जमिनीवरची धूळ, सिमेंटचे सांडलेले घोळ, चुन्याचे व रंगाचे डाग खरवडून काढावेत, झाडून ओले फडके फिरवावे. जमीन फार तापलेली व कोरडी असेल तर ती मालातले पाणी क्षणात ओढून घेते. तिला दमट करावे, पण पाणी साचू देऊ नये.

फरशी उलटी करून तिची पाठही पाहावी. भट्टीत फरशी चिकटू नये म्हणून लावलेली पांढरी पूड अनेकदा पाठीवर राहते. तिच्यावर माल लावला तर तो पुडीला चिकटतो, फरशीला नाही. ओल्या स्पंजाने पाठ पुसून कोरडी होऊ द्यावी.

दातेरी थापी : हवेचे रस्ते

आता मुख्य धडा. थापीच्या सपाट बाजूने आधी मालाचा पातळ लेप जमिनीवर जोर देऊन घासावा. यामुळे कोब्याच्या बारीक छिद्रांतली हवा निघते आणि माल आत शिरतो. त्यावर लगेच आणखी माल घेऊन दातेरी बाजूने ओढावा. दात्यांमुळे मालाच्या रेघा, म्हणजे बारीक बांध आणि त्यांच्यामध्ये चर तयार होतात.

हे चर कशासाठी असतात? अनेकांना वाटते, माल वाचवण्यासाठी. तसे नाही. चर म्हणजे हवेचे रस्ते आहेत. फरशी दाबली की बांध आडवे पडून चर भरतात आणि चरातली हवा त्याच्या टोकाने बाहेर पळते. म्हणून रेघा सरळ आणि एकाच दिशेने हव्यात. गोल गोल, पंख्यासारख्या किंवा वेड्यावाकड्या रेघा दिसायला छान दिसतात, पण त्यांतला रस्ता दोन्ही बाजूंनी बंद होतो आणि हवा मध्येच कोंडते. फरशी लांबट असेल तर रेघा तिच्या आखूड बाजूला समांतर ओढाव्यात. दोन बाय चारच्या फरशीत त्यामुळे हवेला चार फुटांऐवजी दोन फुटांचाच रस्ता कापावा लागतो.

थापी कोणत्या कोनात धरली यावर बांधाची उंची ठरते. दाते १० मिलिमीटरचे असले आणि थापी ६० अंशांत धरली, तर बांध साडेआठ-नऊ मिलिमीटर उंच उठतो. तीच थापी ३० अंशांवर कलली की बांध फक्त पाच मिलिमीटर होतो. दाते आणि त्यांमधल्या खाचा सारख्या रुंदीच्या असतील तर दाबल्यानंतर थर सुमारे निम्मा राहतो. म्हणजे सकाळी ताज्या हाताने साडेचार मिलिमीटरचा थर बसतो आणि संध्याकाळी थकलेल्या हाताने अडीचचा. पोकळ फरश्या बहुधा दिवसाच्या शेवटच्या ओळीत का सापडतात, त्याचे एक कारण हे आहे. झिजलेले दातेही असाच दगा देतात. कानशीने ते पुन्हा नीट करावेत किंवा थापी बदलावी.

मोठ्या फरशीच्या पाठीवरही सपाट बाजूने पातळ लेप द्यावा. पाठीवर दात्यांच्या रेघा ओढू नयेत. ओढल्याच तर त्या जमिनीवरील रेघांच्याच दिशेने येतील अशा असाव्यात. एकमेकींना छेद देणाऱ्या रेघांनी चौकोनी खणच तयार होतात आणि प्रत्येक खणात हवा बंद होते.

फरशी ठेवताना

माल ओढल्यावर त्याच्यावर साय धरू लागते. युरोपीय मानकाच्या कसोटीत साध्या मालासाठी हा खुला वेळ किमान २० मिनिटे आणि ‘ई’ खूण असलेल्या मालासाठी ३० मिनिटे धरलेला आहे. पण ती प्रयोगशाळेची हवा झाली. मराठवाड्याच्या मे महिन्यात, वरून पंखा चालू असताना, ही साय बरीच आधी धरते. म्हणून घड्याळापेक्षा बोट बरे. मालाला बोट लावावे. माल बोटाला लागला तर फरशी ठेवा. बोट कोरडे निघाले तर तो माल खरवडून टाका आणि नवा ओढा. साय धरलेले बांध मोडत नाहीत, तसेच उभे राहतात, आणि त्यांच्यामधली हवाही तशीच राहते.

फरशी ठेवल्यावर ती खाली दाबत रेघांच्या आडव्या दिशेने थोडी पुढे, थोडी मागे सरकवावी. एका दात्याच्या रुंदीइतकी हालचाल पुरे. या सरकण्याने बांध शेजारच्या चरात कलंडतात आणि हवा टोकाकडे ढकलली जाते. रेघांच्याच दिशेने सरकवले तर बांध नुसते घसरतात, मोडत नाहीत. अमेरिकेतील टाइल कंत्राटदारांच्या राष्ट्रीय संघटनेने ‘ट्रॉवेल अँड एरर’ या फितीत काचेखाली हा फरक प्रत्यक्ष दाखवला आहे.

मग रबरी हातोड्याने मध्यापासून कडेकडे हलके ठोकावे. एकाच कोपऱ्यावर जोराने मारले की समोरचा कोपरा उचलला जातो आणि खाली हवा ओढली जाते. फरशी खाली गेली असे दिसले तर तिचा एक कोपरा कर्णीने उचलून त्याखाली माल सारू नये. संपूर्ण फरशी उचलावी, माल पुन्हा ओढावा आणि नव्याने ठेवावी. लेव्हलच्या प्लास्टिक क्लिपा आणि पाचराही जपून वापराव्यात. त्या दोन कडा सारख्या करतात, पण खाली माल कमी असेल तर कड वर ओढून तिच्याखाली पोकळी करतात. क्लिप हे मालाला पर्याय नाही.

उचलून पाहा

पहिली फरशी बसवली की ती लगेच उचलून पाहावी. पाठीवर सगळीकडे माल लागला आहे का? रेघा मोडल्या आहेत का? कोपरे भरले आहेत का? रेघा जशाच्या तशा दिसत असतील तर दाब कमी पडला किंवा मालाला साय धरली होती. मध्यभाग कोरडा असेल तर फरशीला बाक आहे किंवा बांध कमी उंचीचा आहे. मोठे दाते घ्यावेत आणि पाठीला लेप द्यावा. त्यानंतर दर वीस-पंचवीस फरश्यांमागे एक, तसेच नवीन बादली कालवली की एक, अशी उचलून पाहावी. माल ताजा असल्याने काहीच वाया जात नाही, फक्त दोन मिनिटे जातात.

शक्य असेल तेव्हा ही उचललेली फरशी घरमालकाला दाखवावी. भरलेली पाठ त्याने एकदा डोळ्यांनी पाहिली की पुढे नाण्याच्या आवाजावरून वाद घालण्याची वेळ सहसा येत नाही. दाखवून केलेले काम हीच कारागिराची पावती.

न्हाणीघर, गच्ची आणि भिंत

पाण्याच्या जागी पोकळी अधिक महागात पडते. सांध्यातून झिरपलेले पाणी फरशीखालच्या पोकळ कप्प्यांत साठते. तिथे ते कुजते, वास मारते आणि सिमेंटमधील क्षार विरघळवून सांध्यांवर पांढरे डाग आणते. गच्चीवर ऊन-पावसाने फरशी सतत फुगते आणि आकसते, तेव्हा अर्धवट चिकटलेली फरशी आधी सुटते. म्हणूनच अशा जागी ९५ टक्क्यांची अट आहे. भिंतीवर आणि विशेषतः इमारतीच्या बाहेरील बाजूस तर हा जीविताचा प्रश्न आहे. वरून सुटलेली टाइल कोणाच्या डोक्यावर पडेल, सांगता येत नाही. तिथे पाच गोळ्यांची पद्धत कोणी कितीही घाई केली तरी स्वीकारू नये.

मालाची जातही पाहून घ्यावी. आपल्या देशाच्या आयएस १५४७७ या मानकाची २०१९ साली सुधारणा झाली. त्यात ॲडहेसिव्हचे टाइप १ ते टाइप ५ असे प्रकार आहेत. आखाती देशांत काम केलेल्या बांधवांनी पिशव्यांवर सी१, सी२ अशा युरोपीय खुणा पाहिल्या असतील. आपली फरशी आणि आपली जागा या दोहोंसाठी पिशवीवर शिफारस आहे ना, हे वाचूनच खरेदी करावी.

पिशव्यांचा हिशेब आधीच करा

पोकळ फरशीचे मूळ पुष्कळदा थापीत नसून दरपत्रकात असते. तीन मिलिमीटरच्या थराला २० किलोची एक पिशवी साधारण ५० चौरस फूट पुरते. दोन बाय दोनच्या फरशीला साडेचार मिलिमीटरचा थर लागला, तर तीच पिशवी सुमारे ३३ चौरस फुटांत संपते. ३०० चौरस फुटांच्या हॉलला पहिल्या हिशेबाने सहा पिशव्या लागतात, दुसऱ्या हिशेबाने नऊ. पाठीवरचा लेप आणि नासधूस याखेरीज. सहा पिशव्यांचा दर देऊन काम घेतले की उरलेल्या तीन पिशव्यांची भरपाई हवेने होते!

म्हणून दर सांगताना फरशीचा आकार, थराची जाडी आणि पिशव्यांची संख्या लेखी द्यावी. माल मालकाने आणायचा असेल तरीही संख्या आपणच लिहून द्यावी. शेजारच्याचा दर कमी असेल, पण त्यात किती पिशव्या आहेत हे ग्राहकाला विचारायला सांगावे. दुकानदार बंधूंनीही पिशवी विकताना ‘एवढ्यात इतके फूट होईल’ असे सरसकट न सांगता फरशीचा आकार विचारावा.

शागिर्दांसाठी एक प्रयोग

खिडकीच्या जाड काचेचा फूटभर तुकडा घ्या, कडा घासून बोथट करा, हातमोजे घाला. एका फळीवर गोल रेघांनी माल ओढून काच दाबा आणि वरून पाहा. हवेचे ठिपके आणि लांबट कप्पे स्पष्ट दिसतील. काच धुऊन, माल खरवडून, आता सरळ रेघा ओढा आणि काच आडवी सरकवत दाबा. चर भरत जाताना आणि हवा कडेने निघताना डोळ्यांनी दिसेल. तिसऱ्या वेळी पाच गोळे ठेवून पाहा. नव्या मुलाला तासभर समजावून जे पटत नाही, ते या काचेने दहा मिनिटांत पटते.

पोकळ आवाज आलाच तर

माल पक्का होण्यापूर्वी ठोकून निष्कर्ष काढू नये. पक्का झाल्यावर बद्द आवाज आला तरी तो सर्वत्र फरशीचाच दोष असतो असे नाही. खालचा कोबा सुटलेला असला तरीही असाच आवाज येतो. आवाज फरशीच्या किती भागात आहे, कडेला आहे की मध्ये, याची खडूने खूण करावी. कडा किंवा कोपरा पोकळ असेल, फरशी हलत असेल किंवा जागा ओली असेल, तर सांधे कापून ती फरशी काढून नवी बसवणेच योग्य. त्यासाठी त्याच खेपेच्या चार-सहा फरश्या मालकाला आधीच बाजूला ठेवायला सांगाव्यात.

थोडक्यात लक्षात ठेवा

१) आधी पाणी, मग पूड, संथ ढवळणे आणि पाच-दहा मिनिटांची उसंत.
२) जमीन सपाट व स्वच्छ, फरशीची पाठ पुसलेली.
३) आधी सपाट लेप, मग सरळ व एकाच दिशेच्या रेघा, थापी ६० अंशांत.
४) बोटाला माल लागत असेल तरच फरशी ठेवावी.
५) रेघांच्या आडवे सरकवून दाबावे; कोपरा उचलून माल सारू नये.
६) पहिली फरशी आणि त्यानंतर ठरावीक अंतराने एक, उचलून पाहावी.
७) पिशव्यांची संख्या दरपत्रकात लिहावी.

यातील एकाही गोष्टीला महागडे यंत्र लागत नाही. दातेरी थापी, मोजाची बादली आणि दोन मिनिटांचा धीर एवढेच भांडवल पुरते. फरशीची पाठ एकदा बसली की कोणाला दिसत नाही. ती भरलेली असल्याची खात्री असेल, तर मालकाने नाणे घेऊन सारे घर ठोकले तरी कारागिराने निश्चिंत उभे राहावे आणि आपली मजुरी हक्काने मागावी.